आईच्या बोरमाळेतले अकरा मणी

आमच्या लग्नाला माझी आई येऊ शकली नाही. व्हिसाच्या मुलाखतीसाठी ती मुंबईला गेली होती. तिला दोन-तीन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट परत दिला. ती तालुक्याच्या गावी परतली आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत कामावर हजर झाली. फोनवर मला म्हणाली, "लग्न तुझं आहे, माझं नाही. मी नसले म्हणून काही अडत नाही."

अडत होतं, ते मला नंतर कळलं. माझी होणारी बायको बंगाली. ती न्यू जर्सीत वाढली, पण तिच्या घरी लग्नाच्या रीती कोलकात्याच्याच. नवरीच्या हातात शंखाच्या पांढऱ्या आणि पोवळ्याच्या लाल बांगड्या असतात. त्या तिच्या माहेरच्यांनी आणायच्या. त्यांच्याबरोबर डाव्या हातात एक लोखंडी कडं असतं, सोन्याने मढवलेलं. ते मात्र सासूने द्यायचं. हे सगळं तिच्या आईंनी मला समजावून सांगितलं आणि मग चांगुलपणाने म्हणाल्या, "तुमच्या आई येणार नाहीत, तर ते पण आम्हीच आणतो."

"नको," मी म्हणालो. "आई आणेल."

असं म्हणून तर बसलो, पण कसं आणेल ते मला ठाऊक नव्हतं. आईला विचारलं तेव्हा तिने फार वेळ घेतला नाही. "माझी बोरमाळ आहे ना तुझ्याकडे? तिचंच सोनं लाव. बाहेरून विकत आणून माझ्या नावावर खपवू नकोस."

ती बोरमाळ मी अमेरिकेत ॲन आर्बरला एम.एस. करायला निघालो तेव्हा तिने दिली होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. निघायच्या आदल्या दिवशी तिने माझ्या बनियनला आतून एक खिसा शिवला आणि त्यात माळ घातली. "दोन तोळ्यांची आहे. अडलास तर वीक. मला विचारायला थांबू नकोस." पहिल्या हिवाळ्यात डिपार्टमेंटमधले कामाचे तास कमी झाले, तेव्हा ती विकायचं मी दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा ती बाहेर काढली, बेचाळीस मणी मोजले आणि परत पायमोज्यात गुंडाळून ठेवली. दोन तोळे हाताशी आहेत एवढ्यावर तो हिवाळा निघाला. नोकरी लागून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो तेव्हाही ती त्याच पायमोज्यात होती.

इथल्या ज्या सोन्याच्या दुकानात आम्ही गेलो ते किराणा दुकान आणि टॅक्सवाल्याचं ऑफिस यांच्या मधोमध आहे. मालक वयस्कर गुजराती काका, जन्म मुंबईतला, मराठी स्वच्छ. ऑफिसमधले लोक त्यांच्याबद्दल एकच सांगायचे, दिलेलं सोनं तेवढंच परत येतं. त्यांचा कारागीर बंगाली होता आणि फक्त शनिवारी यायचा. म्हणून आम्ही दोघं शनिवारी संध्याकाळी गेलो. आईकडे तेव्हा सकाळचा चहा होत असणार होता, म्हणजे फोनही लावता आला असता.

मी काकांना म्हणालो, "भरीव सोन्याचं कडं करा. लोखंड नको." मुलीकडचे दोन पिढ्यांचे डॉक्टर. आमच्याकडून लोखंड गेलेलं मला बरं वाटत नव्हतं.

"करतो की. माझा तर फायदाच आहे," काका म्हणाले. "पण मग ते नुसतं कडं झालं. सासरचे लोक विचारतील, आत लोखंड कुठाय? काय सांगणार?"

"आणि पातळ हवं," ही म्हणाली. ती लॅबमध्ये काम करते. "दिवसभर हातात ग्लव्ह्ज असतात. जाड कड्यावर ग्लव्ह चढणारच नाही."

काकांनी बोरमाळ काट्यावर ठेवली, मग एक मणी भिंगाखाली धरून त्याच्या भोकात बघितलं. "भाऊ, दोन तोळे वजन बरोबर आहे. पण ही लाखेवरची आहे. वर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. सोनं धराल तर तोळाभर."

मी काट्यावरचा आकडा पुन्हा वाचला. तेच म्हणाले, "मी काढून नाही घेतलं हं."

"तसं नाही काका. आईला कसं सांगू? तिला वाटतंय दोन तोळे आहे."

"जसं आहे तसं सांगायचं. लावा फोन."

काउंटरवर कॅल्क्युलेटरला टेकवून फोन उभा केला. आई चहाचा कप घेऊन समोर आली. मी आधी हवापाण्याचं विचारलं, मग गुडघ्याचं, मग म्हणालो, "आई, त्या माळेत आत लाख आहे गं."

"मग काय दगड असणार? बोरमाळ लाखेवरचीच असते. माझ्या आईने केली तेव्हा मी सोनारासमोर बसले होते."

"मग दोन तोळे का म्हणालीस?"

"एवढ्या लांब निघाला होतास. एक तोळा सांगून कुणाला धीर येतो?"

काका हसले. त्यांनी फोन आपल्याकडे वळवला. "ताई, सगळी माळ आटवायची गरज नाही. पातळ कडं आहे. अकरा मण्यांत काम होईल."

"शेठ, मणी माझ्यासमोर फोडा. सोनं नजरेआड करू नका."

"तुम्हाला समोरच बसवतो," काका म्हणाले आणि फोन घेऊन आम्हाला आतल्या खोलीत नेलं. कारागिराने एकेक मणी कापला, आतली लाख टोकदार चिमट्याने काढून कागदावर ठेवली. पत्रे एकत्र करून आटवले. शेवटी हरभऱ्याएवढा गोळा राहिला. काकांनी तो काट्यावर ठेवून आकडा आईला दाखवला आणि लाखेच्या कागदाची पुडी बांधून माझ्या हातात दिली.

"लाख पण परत देतायत?" आईने विचारलं.

"तुमचीच आहे, ताई."

"आमच्या गावचा सोनार लाख कधी परत देत नाही. माणूस बरा दिसतोय रे," आई मला म्हणाली, जणू काकांना ऐकूच जात नव्हतं.

मग कारागिराने चार-पाच लोखंडी कडी काढली. हिने एक मनगटात घालून पाहिलं, मापाचं होतं. मी कार्ड काढलं.

"थांब," आई म्हणाली. "हे लोखंड ना? तिकडे आज वार कुठला?"

"शनिवार."

"शनिवारी लोखंड घेतात का? एवढं शिकलास आणि हे विसरलास?"

खरंच विसरलो होतो. आमच्या घरी शनिवारी खिळासुद्धा विकत आणत नाहीत. एकदा मी शनिवारी तवा आणला होता, तर वडिलांनी तो दुकानात परत ठेवून रविवारी पुन्हा जाऊन आणला. इथे तर तसं करायचीही सोय नव्हती. कडी कारागिराची, तो आजच घरी नेऊन मढवणार, पुढे येणार तोही शनिवारीच, आणि लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं. आधी व्हिसा नाही आणि आता तिच्या नावाने सुनेच्या हातात जायची एकच वस्तू, ती शनिवारची.

हिने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. थोडा विचार करून म्हणाली, "पण आईंकडे आज रविवार आहे ना? आणि देणार तर त्याच."

मी ते आईला मराठीत सांगितलं. काका लगेच म्हणाले, "बरोबर आहे. घेणारा तुमचा मुलगा नाही, ताई. तुम्ही. तुमचा वार धरायचा."

आईने शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे कॅलेंडर असतं. मग चहाचा कप खाली ठेवला.

"शेठ, ते कडं जरा जवळ आणा. फिरवा. नको, याचा सांधा दिसतोय. दुसरं दाखवा."

काकांनी दुसरं धरलं. तेही तिला पसंत पडलं नाही. तिसरं तिने दोनदा फिरवायला लावलं, हिच्या हातात घालून बघायला सांगितलं, हात वर-खाली करायला लावला. ही निमूटपणे करत होती.

"हे," आई म्हणाली. "हे घेतलं मी. पण पैसे आज नका घेऊ. पोरगा उद्या येऊन देईल."

"चालेल," काका म्हणाले आणि पावतीवर माझं नाव खोडून आईचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्या रविवारी, मी फक्त पैसे द्यायला परत गेलो. पुढच्या शनिवारी कडं मिळालं. बाहेरून सोन्याची पातळ तार शेजारी शेजारी गुंडाळलेली, आतल्या बाजूला लोखंड दिसत होतं. उरलेले एकतीस मणी काकांनी नव्या रेशमात गाठवून दिले. माळ थोडी आखूड झाली आहे.

लग्नाच्या सकाळी हिच्या आईने बांगड्यांचं ताट मांडलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "लोखंडाचं आलं का? कुणी आणलं शेवटी?"

"आईंनी घेतलं," ही माझ्याआधी म्हणाली. "रविवारी."