शिपायाच्या हाताची दोरी

सांगलीच्या हळदपेठेत भाव करत उभी होते, तेवढ्यात धाकटा दीर शोधत आला. "वैनी, कडेगावास्नं निरोप आलाय... दौलतदादा गेलं." आदल्याच दिवशी तर त्याच्याशी भांडून सासरी आले होते मी! भांडण कशाचं, तर खिडकीचं.

दौलत माझा पाठचा भाऊ. लढाईत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करून परतला आणि भलत्याच नादाला लागला. पत्र्याचा शिपाई करून त्यानं उसाच्या पाटावर उभा केला. वाफा भरला की पाण्यावरचा भोपळा वर यायचा, त्याला बांधलेली शिपायाच्या हाताची दोरी ढिली पडायची आणि शिपाई हातातली फळी पाटात सोडायचा. पाणी बंद! अख्खं गाव बघायला लोटलं. हा पठ्ठ्या मात्र म्हणाला, "आक्का, आता त्येचा हात दोरीतनं सोडवून बघू. फरक पडला तरच त्येची सत्ता खरी." हात सोडवला, तरी पाणी थांबलंच, कारण वाफा भरायच्या वेळीच मोटेचे बैल सुटत होते. लोक पोट धरून हसले, दौलतही हसला. मग पाट जिथं दोन वाफ्यांकडं फुटतो तिथं त्यानं शिपायाला नेऊन रोवलं. हात जोडला की पहिला वाफा भरताच पाणी दुसऱ्यात वळायचं, सोडवला की पहिलाच तुडुंब. "आता हाय त्येच्या हातात कायतरी," म्हणत लेकराकडं बघावं तसा बघत बसला.

पुढं त्याच्यावरून वारं गेलं, खाटेला खिळला. एक हात तेवढा चालायचा. मी माहेरी येऊन राहिले. पाणी, उशी, पांघरूण... त्यानं मागायच्या आत सगळं हजर. एक दिवस भडकलाच. "तू मला कायबी करू देत न्हाईस. माझा हात सोडवून बघ आक्का, घरात काय फरक पडतोय?" त्याच्या सांगण्यावरून शिपायाची दोरी आणून खिडकीच्या झडपेला बांधली. मग काय! भर दुपारी झळा आत, धुरळा आत. मी लावावी, यानं ओढून उघडावी. मी कडाकडा बोलले की मिशीत हसायचा. "चिडलीस न्हवं? म्हंजी लय हाय माझ्या हातात."

त्याला जाऊन आता महिना होत आला, मी परत माहेरीच आहे. दोरी खाटेवर तशीच लोंबतेय. घरात धुळीचा कण नाही. सुटला रं दौलत तुझा हात... आणि मी लावलेली खिडकी लावलेलीच राहतेय.