धाकटीच्या गोळ्या पांढऱ्या पडत नसत

मी माझ्या धाकट्या जावेचा हेवा केला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल, बाई गोळ्यांबद्दलच बोलतेय.

हिंगोलीत माझ्या सासरी लिंबाच्या गोळ्या करायचा धंदा होता. परसात दोन भट्ट्या होत्या. लग्नानंतर वर्षभरातच सासूबाईंनी पाक माझ्या हाती दिला. साखर-पाणी उकळायचं, दुधाचा शिपका मारून मळी काढायची, पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा आणि तो दाताखाली कट्‌कन वाजला की कढई उतरवायची. मग तेल लावलेल्या फरशीवर ओतून, रंग-वास घालून मळायचा आणि दोरीसारखा ओढून हातमशिनीतून गोळ्या पाडायच्या.

ऐकायला सोपं आहे. पण नुसत्या साखरेचा पाक फार मानी असतो. कढईच्या काठाला चिकटलेला एक कोरडा कण आत पडला, तरी काचेसारखा पाक बघता बघता पांढरा आणि भुसभुशीत होतो. म्हणून मी ओलं फडकं घेऊन काठ पुसत राहायची. वर आंबटपणासाठी लिंबूफूल टाकायचं, तेही नेमकं. कमी पडलं तर पाक साखरतो, जास्त झालं तर गोळी चिकटते. ते माप माझ्या बोटांत होतं आणि मला त्याचा ताठा होता. तरीही श्रावण आला की बरणीतल्या गोळ्या ओल धरून पांढऱ्या पडायच्याच. सगळ्यांच्याच पडायच्या, त्यामुळे मला कुणी बोल लावत नव्हतं.

सरकारी मका खाऊन काढलेला मोठा दुष्काळ उलटून गेल्यावर दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. अकोल्याची. गोरी, हसरी, "येऊन राहिली, जाऊन राहिली" असं बोलणारी. दुसरी भट्टी तिला मिळाली. आमच्या घरात एक रीत होती: एकीने दुसरीच्या कढईत डोकवायचं नाही, पाकाला नजर लागते. आम्ही एकमेकींकडे पाठ करून बसायचो. मला तिच्या बांगड्या ऐकू यायच्या, बाकी काही नाही.

नर्सीला देवळाजवळ एक प्रसादाचं दुकान होतं. तिथल्या काचेच्या बरण्या माझ्या हातच्या गोळ्यांनी भरायच्या. दर्शनाला गेले की मी मूर्तीआधी त्या बरण्या बघायची, हे आता कबूल करायला हरकत नाही. धाकटीच्या दुसऱ्या श्रावणात तिच्याही गोळ्या तिथे जायला लागल्या, आणि दुकानदार दोन बरण्या घेऊन घरी आला. एकीतल्या गोळ्या पांढऱ्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या माझ्या. दुसरीतल्या अशा लखलखीत, की आरपार दिसावं. सासूबाईंना तो म्हणाला, "आत्याबाई, दिवाळीपासून धाकट्या बाईच्या हातच्याच द्या. बराबर टिकतात."

मी आतून ऐकलं. त्या रात्री मी ताट तसंच सारलं. मग मी तिची एक गोळी लपून खाल्ली आणि मला आनंद झाला, कारण तिची गोडी माझ्या गोळीपेक्षा कमी होती. हे मी गल्लीत चार जणींना सांगून आले. त्यावर एक शेजारीण म्हणाली, "म्हणूनच तर लेकरं एक संपली की दुसरी मागायलेत." त्या दिवसापासून मी त्या शेजारणीकडे जायचं बंद केलं.

मला वाटायचं, तिच्या हाताला काहीतरी आहे. मंत्र म्हणा, आईने शिकवलेलं काही म्हणा. आणि माझा पाक तिच्या नजरेनेच बिघडतो, असंही वाटायचं. जळणाऱ्या माणसाला दोन्ही एकदम वाटू शकतं.

नर्सीचा दिवाळीचा माल निघायचा त्या दिवशी दुपारी तिने कढई उतरवली आणि घरात तिचं तान्हं लेकरू रडायला लागलं. ती उठून गेली. परसात मी एकटी होते. मी वळले, रीत मोडली आणि तिच्या कढईत पाहिलं. पाक सोन्यासारखा निवत होता. मी माझ्या डब्यातली चिमूटभर कोरडी साखर घेतली आणि तिच्या पाकात टाकली. तेवढ्या साखरेने अख्खी कढई वाया जाते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

ती आली. तिने पाक फरशीवर ओतला, मळला, ओढला. मी मान वळवून उघड बघत होते. पाक पांढरा पडेना. दोरी निघाली, गोळ्या पडल्या, तशाच लखलखीत.

माझ्या उघड्या राहिलेल्या साखरेच्या डब्यावर एक नजर टाकून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "अक्का, एका चिमटीनं काही होत नाही. ह्याच्यात मक्याचा पाक हाये."

तिने गोणपाट बाजूला केलं. खाली एक डबा होता, त्यात मधापेक्षा घट्ट, पाण्यासारखा स्वच्छ असा चीक. अकोल्याला तिचा भाऊ गोळ्यांच्या कारखान्यात कामाला होता, तो आगगाडीने आणून द्यायचा. मक्याच्या पिठापासून करतात म्हणे. ती म्हणाली, "साखरेचे कण एकमेकाले धरून बसतात न, तं हा मधी उभा राहते, जमू देत नाही. ओलही कमी धरते. साखरेहून सस्ता पडते. भाऊ म्हणते, कारखान्यात आता सगळेच हेच टाकतात."

"मग सांगितलं काहून न्हाई?" एवढंच मला सुचलं.

"तुम्ही कधी विचारलंच नाही. अन् तुमाले काय गरज? माह्या हातानं नुसत्या साखरेचा पाक कधी जमलाच नाही, म्हणून तं आणला."

यावर माणसाने शरमून गप्प बसावं. मी उठले आणि तरातरा सासूबाईंकडे गेले. आमच्या पाटीवर सासऱ्यांनी 'शुद्ध साखरेच्या गोळ्या' असं रंगवून घेतलं होतं. मी म्हणाले, "धाकटी गोळीत मका घालते. दुष्काळात खाल्ला तेवढा पुरला न्हाई का?"

सासूबाईंनी तिला हाक मारली. ती लेकरू कडेवर घेऊन दारात उभी राहिली. आता ही माझी चिमूट सांगणार, म्हणून मी पदराचं टोक मुठीत धरलं. तिने एक शब्द काढला असता, तर त्या घरात मला कढईजवळ कुणी उभं केलं नसतं.

"व्हय, मका हाये," ती म्हणाली. आणि थांबली.

सासूबाईंनी गोळी तोंडात टाकून बराच वेळ चघळली. मग म्हणाल्या, "पाटी पुसून घेऊ. मोठीला बी दे त्यातलं."

संध्याकाळी तिने मला तांब्याभर चीक आणून दिला. श्रावणात माझ्याही गोळ्या लखलखीत राहायला लागल्या. बोटांतलं माप आता कुणाला लागत नव्हतं. नर्सीचा दुकानदार दोघींच्या गोळ्या एकाच बरणीत ओतायचा, आणि कुठली कुणाची ते मलाही ओळखू यायचं नाही.

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. सुना विचारतात, एका परसात दोन भट्ट्या, तुमचं कधी वाजलं कसं नाही? मी खाली बघते. धाकटी म्हणते, "नाही बाई, अक्कानं मले कधी तकलीफ देली नाही." ती हे इतकं सहज म्हणते की मलाही क्षणभर खरं वाटतं. गोळ्यांचा हेवा कधीच संपला. तिच्या ह्या मनाचा अजून वाटतो.