सोनवणे बाईंचं सेटिंग

रविवारी सकाळी बारामतीबाहेरच्या माळावर आम्ही सहा-सात जण बॅटरीवरच्या रिमोट गाड्यांची शर्यत लावतो. सगळे तयार होऊन उभे असायचे आणि सोनवणे बाई गाडी उलटी करून बसलेल्या असायच्या. गाडीतल्या, मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीचं बटण धरायचं. रिमोटचा ट्रिगर मोकळा ठेवला की एक बीप, ओढून धरला की दोन, मागं ढकलला की तीन. थ्रॉटल, म्हणजे ट्रिगर किती ओढला की किती वेग, असा एकदा सेट केला की महिनोन्महिने बघावं लागत नाही. बाई दर रविवारी करायच्या. "आधी मधलं, मग पुढलं, मग मागलं," असं पुटपुटत, अगदी सावकाश. ऊन तापायचं आणि आमची डोकीही.

बाई आयटीआयमधून निवृत्त झालेल्या. मला वायरमनचं काम त्यांनीच शिकवलं. एक जोड ढिला दिसला तरी अख्खा बोर्ड सोडवून पुन्हा करायला लावायच्या. तो राग अजून गेला नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगायचो. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणायच्या. "राग हाय म्हणून हात नीट चालतोय तुझा."

एकदा मी माझ्या गाडीला नवी डबी बसवली. बाईंनी न विचारता ती गाडी ओढून घेतली आणि सेट करून दिली. मी नेहमीसारखा ट्रिगर जरासा ओढला, तर गाडी सुसाट सुटली आणि कडेच्या सिमेंटच्या पाइपवर आपटली. पुढचं चाक निखळलं. मी इतका भडकलो की सगळ्यांदेखत म्हणालो, बाई, ट्रिगर पूर्ण ओढून सेट करायचा असतो, एवढंही आता तुम्हाला जमत नाही का?

"सेटच हाय की," त्या म्हणाल्या आणि चाक शोधायला वाकल्या.

त्यांना निमगाव केतकीच्या एसटीत बसवायला गेलो, तरी माझा राग उतरला नव्हता. स्टँडवरच रिमोट त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, ओढून दाखवा. बोट निम्म्यावर येऊन थांबलं. सांधे सुजून गाठी झाल्या होत्या. दर रविवारी हे हात बघत होतो आणि मला काही दिसलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"एवढंच येतंय," बाई म्हणाल्या. "गाडीला काय ठाव फुल्ल म्हंजी किती? आपण सांगंल ते तिचं फुल्ल."

बोट दर आठवड्याला थोडं कमी वाकायचं, म्हणून दर आठवड्याला नवं सेटिंग. सांगितलं का नाही, असं मी विचारलं. "सांगितलं असतं तर तुमी मला खुर्चीत बसवून चहा दिला असता. मला गाडी चालवायचीय." कुणाला सांगणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं.

ते निभावणं म्हणजे डोक्याला ताप. उशीर होतो म्हणून बाकीचे कुरकुरायचे. बाईंना आता वेळ मोजायला बसवू, असं एकानं सुचवलं तेव्हा मी त्याच्याशी तावातावानं भांडलो, आणि कारण विचारल्यावर मला एकही देता येईना. बाई मात्र खाली मान घालून मजेत बटण दाबत होत्या. त्यांच्यापायी मी जगाशी वैर घ्यायचं आणि यांना त्याचं काही नाही.

शेवटच्या रविवारी ट्रिगर तांदळाच्या दाण्याएवढा हलला असेल. तरी दोन बीप वाजले. बाईंनी पाचही फेऱ्या पूर्ण केल्या, शेवटून दुसऱ्या आल्या, आणि एका वळणावर मी त्यांना आडवा गेलो म्हणून एसटी येईपर्यंत मला बोलत राहिल्या.

त्या वारल्यावर त्यांच्या मुलीनं गाडी आणि रिमोट मला आणून दिला. रविवारी मी तीच गाडी पळवतो. ट्रिगरला बोट टेकलं न टेकलं की ती उधळते आणि पाइपवर आदळते. पोरं हसतात, म्हणतात, दोन मिनिटांचं काम आहे, एकदा ती सेट करून टाका.

"सेटच आहे," मी चिडून सांगतो.