फोटोग्राफर कपारीत, कॅमेरा माझ्याकडे

भाऊबिजेला माझी नणंद नाशिकहून आली ती पाठीवर सॅक आणि पायात नवे बूट घालूनच. भावाला ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि तिनं जाहीर केलं की यंदा साड्यांच्या दुकानांत हिंडायचं नाही, डोंगरात हिंडायचं. तिच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, डोंगर खिडकीतून बघायला आवडतात. त्यामुळे आम्ही दोघीच निघालो. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. आमचं घर तळेगावात, तिथून पवनानगर काही फार लांब नाही, पण खोली घेऊन राहायची मजाच वेगळी. सकाळी आयता चहा, आयते पोहे, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला दुसरं कुणीतरी.

पहिल्या दिवशी लोहगड झाला. दुसऱ्या दिवशी तिकोना. भातं कापणीला आली होती आणि सगळ्या वाटेला इंद्रायणी तांदळाचा वास होता. वर गडावर मात्र गवत वाळून आडवं झालेलं, बुटाखाली तेल सांडल्यासारखं सटकायचं. नणंदेचे गुडघे चढावर कुरकुरतात, तोंड मात्र थांबत नाही. माचीवर पोचेपर्यंत तिनं मला तिच्या ऑफिसातल्या तीन भांडणांचा निकाल लावायला लावला होता.

माचीवर एक मावशी ताक विकत बसल्या होत्या. आम्ही ग्लास घेऊन टेकलो. समोर लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. नवरी मुलगी लालभडक झग्यात, झग्याला मागे लांबच लांब शेपूट. नवरा मुलगा काळ्या कोटात घामाघूम. आणि फोटोग्राफर एकटाच, टोपी उलटी घातलेला काटकुळा पोरगा. त्याच्या मदतनिसाला म्हणे ताप आला होता, त्यामुळे दोघांची कामं तोच करत होता. कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, तो आपोआप फोटो काढत राहील असं बटण दाबायचं, धावत जाऊन झग्याचं शेपूट उचलायचं, वाऱ्यावर उडवायचं आणि फोटोत येऊ नये म्हणून पळत बाजूला व्हायचं. मग परत येऊन फोटो बघायचा आणि मान हलवायची. जोडप्याला त्यानं सक्त ताकीद दिली होती, एकमेकांच्या डोळ्यांतच बघायचं, बाकी कुठेही नाही.

आणखी एकदा त्यानं शेपूट उडवलं. ते अगदी पाहिजे तसं उडालं. तो बाजूला पळाला, गवतावरून पाय सटकला, आणि कडेवरून दिसेनासा झाला. ओरडलासुद्धा नाही. जोडपं एकमेकांच्या डोळ्यांत बघतच राहिलं. कॅमेरा खटखट करत राहिला. नणंदेचं ताक तिच्या नव्या बुटांवर सांडलं.

आम्ही बसूनच सरकत कडेला गेलो. दोन मजले खाली एक अरुंद कपार होती, कारवीची झुडपं होती, त्यांच्या आधारानं तो बसला होता. एक पाय विचित्र वळलेला. कपारीच्या खाली थेट दरी.

त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "कॅमेरा ठीक आहे ना?"

नवरा मुलगा घाबरून गेला होता, तरी काहीतरी करायला धडपडत होता. झग्याचं शेपूट दोरासारखं खाली सोडावं, असं त्याच्या मनात आलं. खालून लगेच आवाज आला, झग्याला हात लावू नका, भाड्याचा आहे. तोवर ताकवाल्या मावशींनी फोन लावलाही होता. गडावर कुणी अडकलं की त्या लोणावळ्याच्या बचाव पथकाला कळवतात. बोलून झाल्यावर त्यांनी फोन कमरेला खोचला.

"लोणावळ्याची पोरं निगाली," त्या म्हणाल्या. "तंवर त्याला हलू देऊ नका. बोलत ऱ्हावा त्याच्याशी."

बोलत राहा, हे माझ्या नणंदेला सांगायची गरज नसते. नवरा मुलगा पथकाला वाट दाखवायला खाली पळाला, नवरी झगा गोळा करून मावशींच्या सावलीत बसली, आणि नणंद एका खडकामागे पालथी पडून चौकशीला लागली. गाव कुठलं? इंदुरी. घरी कोण? आई, वडील, भाऊ. भाऊ काय करतो? देहूरोडला डेपोत आहे. लग्न? नाही झालं. यावर ती जरा उत्साहानं पुढे सरकली, मी पाय धरून तिला मागे ओढलं. आमच्या पिशवीत चकल्या होत्या. मावशींची पाणी शेंदायची दोरी घेऊन आम्ही पाण्याची बाटली आणि चार चकल्या खाली सोडल्या. त्यानं एक खाल्ली आणि भाजणीची चौकशी केली. नणंद खूश.

मग तो म्हणाला, काकू, कोणीतरी फोटो काढा, असा चान्स मला परत मिळायचा नाही. नवरी झगा सांभाळत होती, नणंद कामात होती. राहिले मी. आजवर मी शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मोबाइलवर काढले होते, तेही निम्मे तिरके. तरी त्याचा कॅमेरा उचलला. खालून तो सांगत होता. वरचं चाक हिरव्या खुणेवर आणा, बाकी कॅमेरा सांभाळून घेतो. बॅगेत लांबची लेन्स आहे, ती बदला. लेन्स बदलताना मला बाळाला पहिली अंघोळ घालतानासारखं वाटत होतं.

लेन्स बसली. मी बाजूच्या दगडावर जाऊन डोळा लावला, आणि त्याचा चेहरा एकदम माझ्या समोर आला, हात लावता येईल इतका. तो नणंदेला हसत हसत काहीतरी सांगत होता. आवाज अगदी मजेत होता. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कारवीची फांदी धरलेली बोटं पांढरी पडली होती. आम्हाला वरून बहुतेक वेळ फक्त टोपी दिसत होती, म्हणून कळलंच नव्हतं.

मी बटण दाबलं नाही. कॅमेरा खाली ठेवला, नणंदेजवळ जाऊन पालथी पडले आणि हळूच तिला सांगितलं, थांबू नकोस, काहीही बोल. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग चिरोट्यांना पदर कसे सुटतात ते इतकं सविस्तर सांगितलं, की मलाही त्यातलं बरंच नवीन होतं. मधूनमधून तो हूं म्हणायचा. हूं आलं की आमचा जीव भांड्यात पडायचा.

उन्हं कलायला लागली तेव्हा पथक आलं. दोर, हेल्मेटं, स्ट्रेचर, आणि अजिबात गडबड नाही. त्यांच्यातली एक सडपातळ मुलगी दोराला लागून सरसर खाली उतरली. आता मी भराभर फोटो काढायला लागले. त्यालाही अवसान आलं. काकू, सूर्य पाठीशी घ्या, काकू, दोर फ्रेममध्ये येऊ द्या. मुलीनं त्याच्या पायाला फळी बांधत शांतपणे बजावलं, "दादा, आता फोटोचं त्यांच्यावर सोडा. तुम्ही फक्त माझ्याकडे बघायचं."

त्यानं तसंच केलं. दोघं वर आली तेव्हा मावशींनी सगळ्यांना ताक दिलं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यानं आधी कॅमेरा मागितला आणि गड उतरेपर्यंत पोटावर धरून ठेवला.

तिसऱ्या दिवशीचा तुंग किल्ला राहिला. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. पायात धातूची पट्टी बसवली होती, चेहरा तरतरीत होता. माझ्या फोटोंत बरेच धूसर होते आणि काहींत नणंदेच्या बुटांचे तळवेच, पण दोन-तीन खरंच चांगले निघाले. मागे पवनेचं निळं पाणी आणि मधोमध दोराला लागलेली ती मुलगी. शिवाय कॅमेऱ्यानं आपणहून काढलेला एक होता. जोडपं एकमेकांच्या डोळ्यांत हरवलेलं, झगा आभाळात, आणि उजव्या कोपऱ्यात त्याचा हवेतला एक बूट. बूट तो फोटोतून कापून टाकणार होता, पण जोडप्यानं अल्बमसाठी बुटासकट तोच मागितला होता.

"मधले काहीच नाहीत, काकू?" त्यानं विचारलं. "लेन्स बदलल्यावर लगेचचे?"

"तेव्हा चिरोट्यांचं चाललं होतं," मी म्हणाले.

त्यानं कॅमेरा बंद केला. "बरं झालं," म्हणाला.

इतक्यात त्याची आई चहा घेऊन आत आली. त्यानं आम्हाला डोळ्यांनी खूण केली आणि कॅमेरा पांघरुणाखाली सरकवला. घरी त्यानं सांगितलं होतं की गडाच्या पायरीवरून घसरलो. आईनं आम्हाला चहा दिला, खुर्ची ओढून बसली आणि नणंदेला विचारलं, "पायरीवरनं घसरून येवडं लागतंय व्हय हो ताई?"

"लागतं," नणंद म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. "पायरी उंच होती."