अर्धी निवृत्त

या वहीतलं अक्षर वाकडं आहे, चुकाही असतील. चौथीनंतर हातातली पाटी जाऊन बोंबलांची टोपली आली. पण वाचणारी मीच, म्हणून माफीही माझीच मागते.

मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला कॅनडाला जायचं होतं. व्हिसाचा फॉर्म भरायला थळहून अलिबागच्या एका दुकानात गेले. “आई, उत्तरं चुकली तर व्हिसा देत नाहीत,” असं मुलीने बजावलं होतं. फॉर्म भरून देणारा माणूस एका बोटाने टाइप करायचा आणि प्रत्येक प्रश्नाआधी चष्मा कपाळावर ढकलून समोरच्याचं तोंड बघायचा.

“मावशी, काम काय करता?”

“काय न्हाय. बसून असते.” माझा आवाज पदरातच राहिला.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. “त्या भावात बोंबील न्हाय, नुसता वास मिळंल!” मी ओरडले. सगळं दुकान माझ्याकडे वळलं.

चष्मा कपाळावर गेला. “बसून असता व्हय?”

गुडघे धरल्यापासून बाजार सोडलाय, घरच्या ओटीवरूनच विकते, असं मी पुटपुटले.

“मग अर्ध्या निवृत्त. तसंच लिहू. ही बाई कशासाठी परत येईल, ते व्हिसाच्या साहेबाला कळायला हवं.”

त्याचं नाव मी विचारलं नाही. तेवढं धाडस मला फक्त भाव करताना येतं.

व्हिसा मिळाला, नातू झाला. आता मुलगी म्हणते, “आई, अजून महिनाभर राहा ना.”

मी पदर खोचून सांगते, “न्हाय गो, माझा धंदा हाय तिकडं. फॉर्मात लिवलंय.”