आठ वाजताची बाई

माझा दादा कुणावर विश्वास ठेवत नाही. माझ्यावरसुद्धा नाही, आणि मी त्याची सख्खी धाकटी बहीण! चौतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होता. काटा मारणारे दुकानदार पकडायचे, खोटी वजनं जप्त करायची, हेच काम. साधं गिऱ्हाईक बनून दुकानात शिरायचा, अर्धा किलो साखर घ्यायचा आणि बाहेर येऊन तोलायचा. निवृत्त झाला तेव्हा खात्याने पितळेचं एक किलोचं वजन भेट दिलं, तर पठ्ठ्याने घरी येऊन आधी तेच तोललं.

वहिनी गेल्यावर तो एकटाच राहू लागला. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, लांब असते. विमानाने यावं लागतं. तिने डब्याएवढं एक बोलणारं यंत्र आणून त्याच्या ओट्याजवळ ठेवलं. रोज सकाळी आठ वाजता त्यातून एक बाई बोलते. झोप लागली का, गोळी घेतली का, कुठे पडलात-बिडलात का? उत्तरं भाचीकडे जातात. तिने आधीच बजावलं होतं, "बाबा, सगळं ठीक असेल तोवर इथे राहा. काही झालं की मी तुम्हाला घेऊन जाणार. मग कुरकुर चालणार नाही."

दादाला ते घर सोडायचं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि खिडकीतून दिसणारा बसथांबा. तिथे रोज कोण येतं, कुणाची बस चुकते, सगळं त्याला पाठ.

"चिमे," तो मला म्हणाला (सत्तरी आली तरी मी चिमीच), "पोरीने घरात खबऱ्या आणून बसवलाय."

मग त्याने जुना डाव टाकला. बाईला मुद्दाम खोटं सांगितलं, डाव्या कानात शिट्टी वाजते म्हणून. मला नाही, शेजाऱ्यांना नाही, फक्त तिला. संध्याकाळी भाचीचा फोन, "बाबा, कानाचं काय?"

"पकडली की नाही!" दादा खूश.

"अरे, ती सांगणार हे पोरीने तुला आधीच सांगितलं होतं ना?"

"म्हणून काय तपासायचं नाही?"

त्या दिवसापासून बाईला एकच उत्तर, "मजेत." आवाज खणखणीत लागावा म्हणून आधी कोमट पाणी प्यायचा. मला हसू यायचं.

काल सकाळी दहाला मी नेहमीसारखी गेले. माझ्याकडे किल्ली असते. दार उघडून बघते तर दादा ओट्यापाशी फरशीवर पडलेला, डावा हात पोटाशी धरलेला, ओठ पांढरेफटक. सात वाजल्यापासून पडलोय म्हणाला!

"अरे, आठ वाजता ती बाई बोलली असेल ना? तिला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. मजेत म्हणालो. ती म्हणाली, छान!" तशाही अवस्थेत तो हसला. "बघ, काहीच तपासत नाही ती. पारड्यात टाकशील ते खरं धरते." मग त्याने माझा हात घट्ट धरला. "चिमे, पोरीला सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या."

जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस! मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"मी नाही सांगणार," म्हटलं, "पण चौतीस वर्षं लोकांना पकडलंस आणि आता स्वतःच काटा मारतोस? लाज नाही वाटत?"

दवाखान्यात नेऊन त्याच्या हाताला प्लास्टर घालून आणलं. मी त्याच्याकडेच राहिले.

आज आठला बाईने विचारलं. दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"काल पडलो," तो म्हणाला. "मनगट मोडलंय. तीन तास जमिनीवर होतो. कालचं मजेत खोटं होतं. घे लिहून."

पाच मिनिटांत फोन आला. भाची रडत होती. "बाबा, मी येतेय न्यायला."

"बरं," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. वाद घातला नाही, कुरकुर केली नाही. तेच मला जास्त लागलं.

मग त्याने मला पलंगाखालची बॅग काढायला लावली आणि कपड्यांच्या आधी ते किलोचं वजन तिच्यात ठेवलं.

"एवढं जड कशाला नेतोस रे?"

"तिथले काटे खरे आहेत का, मला काय माहीत?" तो म्हणाला, आणि खिडकीशी जाऊन बसथांब्याकडे बघत उभा राहिला.