भिंतीतली सुमी

वर्ध्याला आयटीआयत शिकायला निघालो त्या सकाळी मायनं मला उंबऱ्यावरून परत आत बोलावलं. "सुमीले हात लावून जाय," ती म्हणाली. सुमी माझी धाकटी बहीण. तीन वर्षांआधी तापानं गेली होती. मातीच्या भिंतीवर तिचा फोटो होता. त्याखाली मी तळवा टेकवला. भिंत झिणझिणली. मुंग्या मनगटापर्यंत चढल्या, जणू आतून कोणी बोटं फिरवत होतं. बाहेरून बाबा ओरडले, "अबे, वर्ध्याची गाडी तुह्यासाठी थांबून राह्यन काय?"

फोटो लावला त्या दिवसापासून भिंत अशी जागी होती. उन्हाळ्यात गप्प व्हायची, पावसाळा लागला की पुन्हा बोलायची. माय म्हणे, लेकी श्रावणात माहेरी येतातच. ओल्या बोटांनी ती तिथं हळदीकुंकू लावायची. मी बुवाबाजीविरुद्धची पत्रकं चौकात मोठ्यानं वाचणारा पोरगा. पण त्या भिंतीला मीही तळवा टेकवायचो.

वर्ध्याला लागूनच सिंदी मेघे गावात खोली घेतली. वायरमनच्या वर्गात सर फळ्यावर बॅटरी, बल्ब आणि दोन तारा काढत. एकदा म्हणाले, "करंट निघाला की त्याले परत जायची वाट लागते. तुम्ही नाई दिली तं तो शोधते. ओल्या भिंतीतून जाईन, तुह्या अंगातून जाईन. भिंत झिणझिणली तं आरती नका करू रे, मेन बंद करा! आज झिणझिणते, उद्या पाणी मुरलं की हात सोडत नाई."

वर्ग हसला. मला मायची ओली बोटं दिसली. दुपारचीच गाडी पकडली.

घरी पोचलो तेव्हा पाऊस लागून होता. माय भिंतीशीच होती. तिला बाजूला करून मी फोटोखाली टेस्टर टेकवला. साध्या मातीला टेकवलेला टेस्टर, आणि त्यात लाल ठिपका पेटला. माय कुजबुजली, "पाह्य, डोळा उघडला तिनं."

शास्त्र शिकलो होतो, तरी टेस्टर झटकन मागं घेतला.

फ्यूज काढला, फोटो उतरवला. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही. म्हणून बाबांनी तो लाकडी पट्टीत ठोकला होता. अख्ख्या भिंतीवर तेवढंच लाकूड. त्याच पट्टीवरून दिव्याची तार गेली होती. खिळा तारेतून आरपार ओल्या मातीत उतरला होता. उपटला तेव्हा त्याचं टोक जळून काळं झालेलं होतं.

"माय, सुमी नाई. हा खिळा हाय."

"मंग फोटो लावला त्याच दिवसापासून काऊन?"

"फोटोसाठीच तं खिळा ठोकला!"

"तेच तं मी म्हणून राह्यली," माय शांतपणे म्हणाली.

गावात दिवे आले तेव्हा सभा झाली होती, हार झाले, पुढाऱ्यानं बटण दाबलं होतं. तारेच्या पट्टीत खिळा मारू नका, एवढं एक वाक्य कोणी बोललं नाही. वीज गावाला दिली आणि तिची अक्कल शहरात ठेवली. याचा मला अजून राग येतो, आणि यायलाच हवा.

तार बदलली. फोटो आढ्याच्या लाकडाला सुतळीनं टांगला. फ्यूज लावून टेस्टर टेकवला. ठिपका पेटला नाही. मायनं तळवा ठेवला, मग दुसरा, मग गाल.

"गेली," ती म्हणाली. "आता तूही जाशीन."

गेलो. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखी पत्र्याची पेटी उचलून निघालेल्यांनो, मी आता पिंपरीत मेंटेनन्सला आहे. शिफ्ट, ओव्हरटाइम, कॅन्टीन हे माझे रोजचे शब्द झालेत. माय जिवंत आहे. तो खिळा मी पुन्हा उपटीन, शंभर वेळा उपटीन. पण सुट्टीत गेलो की माय मला त्या भिंतीकडं पाठवत नाही, आणि मलाही तिकडं बघवत नाही. ते घर आता फक्त कोरडी माती आहे.

कधी कारखान्यात एखाद्या मशीनचं अर्थिंग, म्हणजे करंटची जमिनीत जायची वाट, सुटतं. पत्र्याला हात लागतो आणि मुंग्या मनगटापर्यंत चढतात. हात ताबडतोब काढायचा, हा नियम मी नव्या पोरांना दम देऊन शिकवतो. माझा हात मात्र एक क्षण तिथंच राहतो. तेवढा क्षण मी घरी असतो.

मग मेन बंद करतो, आणि धोक्याची पाटी लावतो.